पिंग कसं मोजायचं, कसं वाचायचं

जुळे सोलापुरातल्या भाच्याचा संक्रांतीनंतर फोन आला. "मामा, १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, स्पीड टेस्टलापण १०० दाखवतंय. तरी गेम अडकतोय बघा." खूप घरांत हेच होतं, कारण सगळे एमबीपीएसच बघतात. एका सेकंदात किती माल येतो ते एमबीपीएस सांगतं. निरोप जाऊन उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले, ते पिंग सांगतं. गेमचे निरोप अगदी छोटे असतात, त्यांना जास्त माल नको, झटपट पोच हवी. वेबपेज उघडतानाही अशा बऱ्याच फेऱ्या होतात, म्हणून पिंग जास्त असलं की पान रेंगाळतं.

आधी घरातलं तपासा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाइप करा. 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून येतो तो राउटरचा पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१. पिंग लिहून तो पत्ता द्या, पुढे जागा सोडून डॅश आणि टी. मिनिटभराने कंट्रोल आणि सी दाबा, किमान, कमाल, सरासरी दिसेल. वायफायवर १ ते ५ मिलिसेकंद ठीक. मध्येच ८० वगैरे उडत असेल, तर दोष घरातच आहे: राउटर लांब आहे नाहीतर मध्ये भिंती आहेत. राउटर जवळ आणून वायफायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा वापरून बघा, गेमसाठी सरळ लॅनची वायर ओढा.

आता तसंच ८.८.८.८ ला पिंग करा. हा गूगलचा सर्व्हर, आपल्याकडे बहुतेक मुंबईतून उत्तर देतो. सोलापूर ते मुंबई साधारण ४०० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद लागणारच. वळसे आणि यंत्रं धरून १५ ते ३० आलं तर चांगलंच म्हणायचं. सिंगापूरचा सर्व्हर निवडलात तर नुसत्या अंतराचेच आणखी ४०च्या आसपास वाढतात. म्हणून गेममध्ये मुंबईचा सर्व्हर असेल तर तोच घ्या. आणि स्पीड टेस्टच्या पिंगवर जाऊ नका, ती जवळचा सर्व्हर शोधते. गेमच्या स्क्रीनवरचा आकडा खरा.

सरासरीपेक्षा चढउतार बघा. सतत ६० चालतं. २० वरून १५०, परत २०, असं झालं की नेम चुकतोच. याला जिटर म्हणतात. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' वारंवार आलं तर निरोप वाटेत हरवतायत. सकाळी आणि रात्री नऊनंतर, दोन्ही वेळा मोजा. फक्त रात्री आणि घराबाहेरचंच पिंग बिघडत असेल, तर ते आकडे घेऊन कंपनीला फोन करा.

शेवटची चाचणी बहुतेकजण करतच नाहीत. पिंग चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोड करा. भाच्याकडे २२ चं ३८० झालं! अपलोडची रांग राउटरमध्ये तुंबते आणि गेमचा निरोप त्या रांगेत अडकतो. ताईच्या फोनमधले गड्ड्याच्या जत्रेतले व्हिडिओ रोज संध्याकाळी आपोआप बॅकअप होत होते. राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कुठल्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवायची सोय, असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर लावा. त्याच्या राउटरमध्ये ती सोय नव्हती, म्हणून आपोआप बॅकअप बंद केला. आता ताई सकाळी स्वतःच सुरू करते.