लक्सा भारी की फो? नूडल्सची तुलना करताना या चुका टाळा

"लक्सा नाही बाई आवडला, फारच आंबट," असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कुठला खाल्लास? लक्सा म्हणजे मलेशिया-सिंगापूरकडच्या रश्श्यातल्या नूडल्स. मलेशियातल्या पेनांगचा असम लक्सा म्हणजे चिंच घातलेला माशाचा रस्सा. वरून पुदिना, अननस, काकडी आणि हे-को नावाचा कोळंबीचा काळा, घट्ट पाक. नारळाचा त्यात थेंबही नसतो. सिंगापूरच्या कातोंग भागातला लक्सा मात्र नारळाच्या दुधातला असतो, आणि नूडल्स आधीच तोडलेल्या असल्याने नुसत्या चमच्याने खातात. सोलकढी पिऊन ताकाच्या कढीवर कुणी मत देईल का?

‘होक्कियन मी’ (मी म्हणजे नूडल्स) तर याहून फसवी. पेनांगमध्ये ती कोळंबीच्या सालीडोक्यांचं तिखट सूप असते, क्वालालंपूरमध्ये काळ्या सोया सॉसात परतलेल्या जाड नूडल्स, आणि सिंगापूरमध्ये कोळंबीच्या पाण्यात मुरवलेल्या, फिकट रंगाच्या. म्हणून मत देण्याआधी पदार्थाच्या नावासोबत शहरही सांगा.

दुसरी चूक जोड्या लावण्यातली. फो म्हणजे व्हिएतनामचं नूडल्सचं सूप, पॅड थाई म्हणजे थायलंडच्या परतलेल्या नूडल्स. ते समोरासमोर ठेवणं म्हणजे सार चांगलं की साबुदाण्याची खिचडी, असं विचारणं. पॅड थाईची खरी जोडी मलेशिया-सिंगापूरचा ‘चार क्वे त्याव’. दोन्ही चपट्या तांदळाच्या नूडल्सचे, कढईत परतलेले. एकात चिंच, ताडगूळ आणि फिश सॉस, दुसऱ्यात सोया सॉस आणि भडक आचेचा धुरकट वास. नारळाच्या दुधातल्या लक्सासमोर थायलंडमधल्या च्यांग माईची खाओ सोई ठेवा. आणि मुंबई-पुण्यात जी खाऊ सुए मिळते, तिला खाओ सोई समजू नका. ती ब्रह्मदेशातल्या ओन नो खाउक स्वेची लेक. तिच्या रश्श्याला बेसनाने दाटपणा येतो. खाओ सोईत थाई मसाल्याचं वाटण, सोबत मोहरीच्या पाल्याचं लोणचं आणि वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स.

आता घरची फसगत. माझा पहिला पॅड थाई म्हणजे चिंच घातलेली लापशी होती. सुक्या राइस नूडल्स मी मैद्याच्या नूडल्ससारख्या खळखळून उकळल्या होत्या. तांदळात ग्लूटेन नसतं. नूडल्स आधीच पूर्ण शिजल्या की कढईत मोडतात आणि स्टार्चमुळे एकमेकींना चिकटतात. त्यापेक्षा त्या साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा. बोटाभोवती गुंडाळता आल्या, पण दाताखाली अजून कच्च्या लागल्या, की निथळा. उरलेलं शिजणं कढईत, चमचा-चमचा पाणी शिंपडत. एका वेळी दोनच माणसांचं करा. कढई भरली की आच पुरत नाही, सगळं वाफेवर गिचका होतं. गोळा नुकताच जमू लागला असेल तर दोन चमचे पाणी आणि थोडं तेल घालून अलगद सोडवता येतो. लापशी झालीच, तर तिला पॅड थाई म्हणून कुणाला वाढू नका, एवढंच!

पॅड थाईसाठी सुके झिंगे मिळाले नाहीत म्हणून पदार्थ रद्द करू नका. कोकणातले सोडे बारीक चिरून घाला, छान चालतात. केचप मात्र नको. चिंचेचं काम चिंचेलाच करू द्या.

फो गढूळ होतो त्याची कारणं दोन. हाडं एकदा पाच-दहा मिनिटं उकळून ते पाणी फेकायचं आणि हाडं धुऊन मग खरं सूप मंद आचेवर ठेवायचं, हे आपण गाळतो. आणि नूडल्स सूपमध्येच शिजवतो. नूडल्स वेगळ्या शिजवा, वाडग्यात ठेवा, वरून उकळतं सूप ओता. आलं-कांदा थेट आचेवर भाजून घ्या, चक्रीफूल आणि दालचिनी हलक्या हाताने. आपला हात मसाल्याला सैल, आणि फोचा गरम मसाला व्हायला वेळ लागत नाही. कोंबडीचा फो म्हणजे नक्कल, असंही समजू नका. फो गा हा हनोईतलाच जुना प्रकार आहे. चव घेण्याआधी लिंबू पिळून होइसिन सॉस ओतणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की उत्तरेकडच्या हनोईत वाडगा साधा असतो. तुळस, मोड आलेले मूग आणि गोडसर सॉस यांची रेलचेल दक्षिणेकडच्या सायगोनची.

एका संध्याकाळी चार पदार्थ मांडायचा मोह होतो. पण पहिल्याच्या फोटोपर्यंत दुसऱ्याच्या नूडल्स सूप पिऊन फुगलेल्या असतात, आणि आपण दोष पदार्थाला देतो. एक करा, गरम खा, मग दुसरा.

मोहिंगा तर रात्रीच्या यादीतून काढाच. म्यानमारमध्ये तो सकाळचा नाश्ता. मागूर माशाचा, केळीच्या खांबाचा गाभा घातलेला दाट रस्सा आणि तांदळाच्या बारीक, गोल नूडल्स. घरात शिरवाळ्यांचा साचा असेल तर विकतच्या पाकिटाची गरजच नाही.