किती वाव पाणी? विहीर मोजायची रीत

पंप घ्यायच्या आधी विहीर मोजा, आणि वाव धरून मोजा. दुकानदार पहिल्यांदा खोलीच विचारतो आणि आपण अंदाजानं काहीतरी सांगून मोकळे होतो. तिथंच पैसे बुडतात.

दोन्ही हात खांद्याच्या रेषेत ताणले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव, चार हात. शब्द संस्कृत ‘व्याम’वरून आलाय. आमच्या बेळगाव भागात शेजारचा कन्नड माणूस यालाच ‘मारु’ म्हणतो, त्यामुळं विहीर उपसायला कुणीही येऊ दे, बोलणं अडत नाही. कोकणातले मच्छीमार समुद्राचं पाणी वाव धरूनच सांगतात. इंग्रजांच्या जहाजांवरचा ‘फॅदम’ तोच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पसरलेले हात, मिठी. पुढं तो ६ फुटांवर, म्हणजे १.८३ मीटरवर कायम झाला. तुमचे हात मात्र तुमचेच. भिंतीला टेकून एकदा टेपनं मोजून घ्या. माझी वाव साडेपाच फुटांची भरते, म्हणून खुणा मी टेपनंच करतो.

दोर सुती घ्या. प्लॅस्टिकचा निळा दोर पाण्यावर तरंगतो, बूड लागल्याचं हाताला कळत नाही. सुती दोर भिजला की आखडतो, तेव्हा आधी रात्रभर भिजत घाला, ताणून बांधा आणि ओल्यावरच दर ६ फुटांना खूण करा. खुणा हाताला कळतील अशा हव्यात: पहिल्या वावेला एक गाठ, दुसऱ्या वावेला चामड्याची पट्टी, तिसऱ्या वावेला जाड कापड. खलाशी अंधारात बोटांनीच खोली वाचायचे, म्हणून त्यांच्या दोरावर चामडं आणि वेगवेगळी कापडं असत.

टोकाला गवंड्याचा ओळंबा बांधा. खुणा ओळंब्याच्या बुडापासून मोजायच्या, गाठीपासून नव्हे. जहाजावरच्या शिशाच्या वजनाला खालून खळगा असायचा, त्यात चरबी भरत. तळाची वाळू, चिखल तिला चिकटून वर येई. आपण ओळंब्याच्या बुडाला मऊ केलेलं मेण लावायचं. वर चिकट काळा गाळ आला तर उपसा करायलाच हवा. मेण कोरं आलं तर खाली खडक.

मोटर बंद ठेवून पाणी स्थिर होऊ द्या. कठड्याच्या आत वाकू नका, सोबत एक माणूस ठेवा. ओळंबा पाण्याला टेकला की दोर कठड्याच्या काठाशी चिमटीत धरा आणि आकडा लिहा. मग बूड लागेपर्यंत सोडा: दोर सैल पडतो, थोडा उचलला की वजन परत हाताला येतं. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की राहिलं ते पाणी.

दोन्हींत पहिला आकडा जास्त मोलाचा. काठावर ठेवलेला पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबावर. समुद्रसपाटीला तो दाब फार तर १० मीटर पाणी उचलेल, आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंच, वर पाइपातला अडथळा. म्हणून पंपापासून पाणी साडेतीन वावेच्या खाली जात असेल तर पाण्यात बुडणारी मोटरच घ्या. हे माप मेअखेरीचं धरा, दिवाळीतलं नको.

साठा काढायला व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले खोली, सगळं मीटरमध्ये. ५ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत दोन वाव पाणी म्हणजे सुमारे ७२ हजार लिटर. आकडे तारखेसह पंपघराच्या भिंतीवर खडूनं नको, ऑइलपेंटनं लिहा.