दुष्काळी माळावर रेड वाईन करताय? मग या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातल्या जतच्या माळावर वाईनची द्राक्षं लावतो म्हटलं की समोरचा पहिलं विचारतो, पाण्याचं काय? पर्जन्यछायेचा भाग, वर्षाला जेमतेम 500 मिमी पाऊस, विचारणारच. पण मी बघितलेल्या बहुतेक बागा पाणी कमी पडून नाही, जास्त दिल्याने बिघडल्यात.

कारण आपलं डोकं बेदाण्याचं. थॉमसन, सोनाका या बेदाण्याच्या जातींत आयुष्य गेलेलं, मणी फुगला की जीव सुखावतो. अहो पण शिराझचा, म्हणजे रेड वाईनच्या द्राक्षाचा, मणी बारीकच पाहिजे! रंग न् टॅनिन (वाईनला तुरटपणा देणारा घटक) सालीत असतं, मणी फुगला की नुसता रस वाढतो आणि वाईन पाणचट होते. मणी सेट झाल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे तो मऊ पडून रंगायला लागेपर्यंत, मी ठिबक हात आखडूनच चालवतो. मीटर-बिटर नाही माझ्याकडे, पहाटे शेंडा बघतो. वाढ थांबलेली असली तर बरोबर चाललंय, पानं सकाळीच मलूल दिसली तरच पाणी.

याच सवयीची दुसरी शेपटी म्हणजे तोडणीआधी गोडीसाठी झिरो झिरो पन्नास हे पोटॅशचं खत सोडणं. वाईनच्या बागेत ते पोटॅश रसात उतरतं न् पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा घटतो. 3.4 पीएचला वाईन टिकवायला जेवढं सल्फर पुरतं त्याच्या तिप्पट 3.9 ला लागतं. "मग टार्टारिक आम्ल टाकू की" म्हणणारे भेटतात, टाका, लिटरला ग्रॅमभर टाकून पीएच साधारण 0.1 उतरतो, करा हिशोब.

आता दुपारची तोडणी. ही माझी स्वतःची चूक. फेब्रुवारी होता, टोळी सकाळी सहाला यायची ती अकराला आली, मला वाटलं आजच उरकू, उद्या परत कोण मिळतंय. तीनपर्यंत तोडली, मग क्रेट दोन तास ट्रॉलीत उन्हात. भाड्याच्या टाकीत रस पडला तेव्हाच 33 डिग्री, तशातच यीस्ट सोडलं. दुसऱ्या दिवशी लाईट गेली, चिलर बंद, रात्री काटा 37 वर. यीस्ट मेलं, साखर तशीच राहिली आणि आठवड्यात व्हिनेगरचा वास यायला लागला. दोन टन माल ओतून दिला, घरी महिनाभर कुणी वाईनचं नाव काढलं नाही. आता पहाटे तीनला हेडलॅम्प लावून सुरुवात, आठला बंद म्हणजे बंद, चार वेली राहिल्या तरी. माल थंडच येतो, चिलर कमी चालतो, बिलात फरक दिसतो.

बाकीचं पटापट. पश्चिमेकडची पानं काढू नका, घड भाजतात. बोअरचं पाणी तपासल्याशिवाय खुंट (ज्या मुळावर कलम बांधतात तो) निवडू नका, क्षार जास्त असले तर डॉगरिज जातीचा बरा, पण तो माजतो आणि पोटॅशही ओढतो, तेव्हा हात आणखी आखडा. ओळीत पाचट पसरा, जाळू नका. दुसऱ्याच वर्षी बाटली भरायची घाई झालेल्यांनी मला फोन करू नये.

आणि वायनरी धुताना आधी झाडू-खराटा, मग पाईप. कॉस्टिक सोड्याचं धुवण बागेला सोडणारे महाभाग आहेत, काळ्या रानाचं दोन-चार वर्षांत चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेली जमीन, होतं. मी टाक्या गरम पाण्याने आणि सायट्रिक आम्लाने धुतो, तासभर जास्त लागतो, लागू दे.