कॉलवर आवाज तुटतोय? या चुका टाळा

इंटरनेट कॉलवर आवाज तुटायला लागला की सेटिंगमध्ये एफईसी (हरवलेला आवाज भरून काढायची सोय) ऑन करायचं आणि काम झालं असं समजायचं, ही सर्वांत मोठी चूक. आवाज पॅकेटांत, म्हणजे छोट्या तुकड्यांत, जातो; ओपस कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) पुढच्या पॅकेटमध्ये मागच्या पॅकेटची हलक्या दर्जाची प्रत घालून पाठवू शकतो, हे खरं. पण 'अपेक्षित पॅकेट लॉस' (किती पॅकेटं हरवतील याचा अंदाज) हा आकडा शून्यावरच राहिला, तर एन्कोडर, म्हणजे कोडेकचा पाठवणारा भाग, ती प्रत घालतच नाही. तिथे 5 किंवा 10 टक्के भरा. शिवाय ऐकणाऱ्याकडचा जिटर बफर (आलेली पॅकेटं वाजवण्याआधी क्षणभर धरून ठेवणारी जागा) पुढचं पॅकेट येईपर्यंत थांबायला हवा. उशीर कमी करायच्या नादात तो अगदीच छोटा केला, तर प्रत येऊनही वाया जाते. आणि मधला सर्व्हर कॉल जी.711 या जुन्या टेलिफोन कोडेकमध्ये बदलत असेल, तर हे संरक्षण तिथेच संपतं.

हरवलेलं पॅकेट परत मागवणं फाइल डाउनलोडला ठीक. बोलण्यात एका पॅकेटमध्ये साधारण 20 मिलिसेकंदांचा आवाज असतो. वेळ टळली की त्याचा उपयोग नाही. नागपूर-पुणे कॉलवर परत मागवायला सवड मिळते. नागपूरच्या मिहान उद्योग क्षेत्रातून अमेरिकेतल्या ग्राहकाशी बोलताना मात्र जाऊन-येऊनच 200 मिलिसेकंद किंवा जास्त लागतात. तिथे प्रत आधीच सोबत गेलेली बरी.

लॉसच्या सरासरीवर विसंबू नका. दोन टक्के विखुरलेले असतील तर बहुधा जाणवतही नाहीत. तेच सलग गेले, तर धंतोलीतल्या दवाखान्यातून मेळघाटातल्या पेशंटला सांगितलेल्या 'अर्धी गोळी' मधलं 'अर्धी' गायब होतं. एखाद्या पॅकेटची पोकळी आधीच्या आवाजावरून भरता येते, अख्खा शब्द नाही. जी.711 ची प्रमाणित पद्धत तर 60 मिलिसेकंदांनंतर गप्पच होते.

म्हणून पॅकेट हरवतं कुठे, ते आधी शोधा. लॅपटॉपवरून पहिल्यांदा आपल्याच राउटरला पिंग करा, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तरं येतात का बघा. तिथेच उत्तरं गळत असतील, तर इंटरनेटवाल्याशी भांडून काय होणार? आपल्याकडे उन्हाळा लागला की खिडकीत कूलर बसतो आणि राउटर त्याच्या आड जातो. पत्र्याची बॉडी आणि पाण्याची टाकी, दोन्ही सिग्नल अडवतात. राउटर हलवा, एकाच खोलीत असाल तर 5 गिगाहर्ट्झ वापरा, जमलं तर सरळ केबल लावा.

राउटरपर्यंत ठीक आणि पुढे गळती असेल, तर अपलोड भरलंय का बघा. बरेचदा कॅमेऱ्यांचा क्लाउड बॅकअप ऐन कॉलच्या वेळेत चालू असतो. अशा वेळी जादा प्रती पाठवल्या तर गर्दी वाढते आणि लॉसही वाढतो. आधी बॅकअप रात्रीवर टाका, मग एफईसीचा आकडा ठरवा.