पहिलं रिकर्व्ह धनुष्य: काय मोजायचं, काय घ्यायचं, कसं जुळवायचं

रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावर तिरंदाजी सुरू करणाऱ्याचे सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते जड धनुष्य घेतल्यामुळे. ऑलिंपिकमध्ये 70 मीटरवरच्या 122 सेंमी टार्गेटवर मारणारे पुरुष खेळाडू चाळीस पौंडांच्या वर ओढतात. ते बघून नवा मुलगाही 34 पौंडांचं मागतो. मग ओढताना खांदा कानाकडे चढतो, पाठीऐवजी दंड काम करतो, नेम धरायच्या आधीच दोरी सुटते, आणि ही सवय मोडता मोडत नाही. बाहेरून मागवलेलं सामान परत करणंही कटकटीचं. म्हणून डोळा, ड्रॉ लेंग्थ आणि पौंड (दोरी ओढायला लागणारा जोर) या तीन गोष्टी घरीच ठरवून घ्या.

डोळ्यासाठी दोन्ही हात लांब करून अंगठे आणि बोटं जुळवा, मधे लहान त्रिकोणी फट ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघा आणि मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला टाकी फटीतच दिसत राहते तो नेमाचा डोळा. तो उजवा असेल तर दोरी उजव्या हाताने ओढायची आणि धनुष्य डाव्या हातात धरायचं. असं धनुष्य 'राइट हँड' म्हणून मागवायचं. नाव ओढणाऱ्या हातावरून पडतं, धरणाऱ्या हातावरून नव्हे. चुकीची ऑर्डर जाते ती इथेच.

ड्रॉ लेंग्थ म्हणजे दोरी हनुवटीपर्यंत पूर्ण ओढल्यावर धनुष्यापासून दोरीपर्यंतचं अंतर. भिंतीला पाठ लावून हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा आणि 2.5 ने भागा. 165 सेंमी आलं तर 66 सेंमी, म्हणजे 26 इंच. त्याला 66 इंची धनुष्य बरोबर बसतं. 28 इंचांच्या आसपास असेल तर 68 इंची, त्याहून जास्त असेल तर 70 इंची. बांधा बघून फार छोटं धनुष्य घेतलं तर पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन अरुंद होतो आणि बोटं चिमटतात.

मधला पकडायचा भाग तो रायझर, वरखालचे वाकणारे पंख ते लिम्ब. लिम्बवर '68-24' असं काहीतरी छापलेलं असतं: 68 इंची धनुष्य, 28 इंच ओढल्यावर 24 पौंड. तुमची ड्रॉ 26 असेल तर हातात येतात साधारण 21 पौंड, कारण हलक्या लिम्बला इंचामागे एक-दीड पौंड कमी होतो. लहान मुलांना 12 ते 14, किशोरांना 16 ते 20, मोठ्यांना 20 ते 24 पुरे. पूर्ण ओढून दहा सेकंद धरा. खांदा वर आला किंवा हात थरथरला तर धनुष्य जड आहे. पैसे टाकायचेच असतील तर चांगल्या रायझरवर टाका आणि लिम्ब स्वस्तातले, लाकूड-फायबरचे घ्या. रायझरला आयएलएफ जोडणी असली की वेगळ्या कंपनीचे लिम्बही बसतात, त्यामुळे पौंड वाढवताना फक्त लिम्ब बदलावे लागतात. स्क्रूने आवळायच्या साध्या रायझरला मात्र बहुधा त्याच बनावटीचे लिम्ब लागतात.

दोरी चढवणं

पायात अडकवून धनुष्य वाकवू नका, त्याने लिम्ब पिळतात. स्ट्रिंगर, म्हणजे दोन्ही टोकांना खिसे असलेला दोर, वापरा. दोरीचा मोठा फास वरच्या लिम्बवर सरकवून ठेवा, छोटा खालच्या लिम्बच्या खाचेत बसवा. स्ट्रिंगरचे खिसे दोन्ही टोकांना घालून त्याच्या दोरावर पाय ठेवा, रायझर वर उचला आणि मोठा फास खाचेत सरकवा. हात सोडण्याआधी दोन्ही फास खाचेत बसलेत का, हे डोळ्यांनी बघा.

मग ब्रेस हाइट, म्हणजे पकडीच्या सर्वांत खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर. 66 इंचीला 8¼ ते 8¾ इंच, 68 इंचीला 8½ ते 9 इंच. कमी असेल तर दोरी हातावर फटका मारते आणि धनुष्य खणखणतं. अशा वेळी दोरी उतरवून आणखी पीळ द्या, अंतर वाढतं. बाण अडकवायची जागा, नॉकिंग पॉइंट, बाण टेकतो त्या रेस्टपासून दोरीला काटकोनात जाणाऱ्या रेषेपासून 6 ते 10 मिमी वर बांधा. साधा सुती दोरा सरकतो, मेण लावलेला नायलॉनचा दोरा टिकतो. लावलेला बाण दोरीवर लटकून राहिला पाहिजे आणि दोरीला टिचकी मारली की पडला पाहिजे. त्याहून घट्ट नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटाची खाच, बाणाला वाकडं सोडते.

बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. बाणाला जाणारी सगळी शक्ती लिम्बमध्येच परत येते आणि लिम्ब तडकतात.

बाण

बाणावरचा आकडा म्हणजे स्पाइन. 28 इंच अंतराच्या दोन आधारांवर बाण ठेवून मधे 880 ग्रॅम टांगले आणि तो अर्धा इंच वाकला, तर स्पाइन 500. आकडा मोठा तितका बाण लवचिक. 20-22 पौंडांना 1000 च्या आसपासचे किंवा त्याहून मऊ बाण लागतात. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बिनपिसांचे बाण सतत डावीकडे जात असतील तर ते ताठ आहेत, उजवीकडे जात असतील तर मऊ. लांबी ड्रॉपेक्षा दोन इंच जास्त ठेवा. आखूड बाण रेस्टच्या मागे पडून हातात घुसू शकतो. वेगळ्या रंगाचं पीस रायझरपासून बाहेरच्या बाजूला ठेवा. कार्बनचा बाण मारण्याआधी हलका वाकवून कान द्या. कडकड आवाज आला तर तो फेकून द्या, दुरुस्त करू नका.

बोटं वाचवणारा फिंगर टॅब, दोरीच्या फटक्यापासून हात वाचवणारा आर्मगार्ड आणि भाता पहिल्या दिवसापासून लागतात. क्लिकर (पूर्ण ओढलं की टिक वाजणारी पट्टी) आणि लांब स्टॅबिलायझर (तोल राखणारा दांडा) नंतर घेतले तरी चालतात.

घरचं टार्गेट

पाच मीटरवरून फक्त सोडण्याचा सराव करायला चिंध्यांचं पोतं उत्तम, आणि टॉवेल-चादरी विणणाऱ्या व गणवेश शिवणाऱ्या सोलापुरात चिंध्यांना तोटा नाही. एका तागाच्या पोत्यात दुसरं पोतं घाला, बटणं-चेन-हूक काढलेल्या चिंध्या थर देऊन पायाने दाबत भरा, तोंड शिवा. सैल भरलं तर बाण आरपार जातो. दारासमोर किंवा रस्त्याच्या दिशेने ठेवू नका. मागे पक्की भिंत हवी आणि भिंतीपुढे जुनी जाड चादर, खालचं टोक मोकळं ठेवून टांगलेली. 24 पौंडांपर्यंत हे पोतं पुरतं. मधला भाग बसला की पुन्हा भरा.

उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद गाडीत किंवा पत्र्याखाली धनुष्य ठेवलं तर लिम्बचे थर सुटतात किंवा पिळतात. सराव सकाळी नऊच्या आत उरका आणि झाला की दोरी उतरवा. पॉइंट, म्हणजे बाणांची टोकं, गरम गोंदाने बसवलेले असतील तर उन्हात तापल्यावर ते टार्गेटमध्येच अडकून राहतात. असा बाण धरून ओढताना तो हलकेच फिरवत काढा. दोरीवर लव दिसू लागली की मेण चोळा आणि कातड्याच्या तुकड्याने घासून आत मुरवा. नॉक बसते त्या गुंडाळलेल्या भागाला मात्र मेण लावू नका, तिथे चिकटपणा आला की बाण सुटायला अडतो.