रॅम ओव्हरक्लॉक करायचीय? बायोस उघडण्याआधी एवढं करा

ओव्हरक्लॉक म्हणजे रॅम ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. आधी रॅम आत्ता किती वेगाने धावतेय ते बघा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की खाली वेग दिसतो. ३२०० लिहिलेली डीडीआर४ रॅम विकत घेऊन ती वर्षानुवर्षं २४०० नाहीतर २६६६वर चालवणारे पुष्कळ असतात, कारण बायोसमधलं, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानांमधलं, एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) कुणी चालूच केलेलं नसतं. अशांचं बरंचसं काम त्या एका सेटिंगमध्ये उरकतं. पीसीची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये १६०० दिसले म्हणून दुकानदाराशी भांडायला मात्र जाऊ नका. डीडीआरमध्ये क्लॉकच्या एका फेरीत दोनदा डेटा जातो, त्यामुळे १६००चेच ३२०० होतात. तिथेच ड्युअल चॅनल, म्हणजे दोन स्टिकशी एकाच वेळी देवाणघेवाण, चालू आहे का तेही पाहून घ्या. चार स्लॉट आणि दोन स्टिक असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. खात्रीसाठी मॅन्युअल बघा. एकच स्टिक असेल तर ओव्हरक्लॉकिंगचं खूळ सध्या बाजूला ठेवा आणि तशीच दुसरी घ्या. त्याने जेवढा फरक पडेल, तेवढा टायमिंगशी (रॅम प्रत्येक कामाला किती क्लॉक थांबते त्या आकड्यांशी) रात्रभर झटापट करून पडणार नाही.

बोर्ड साथ देणार का? एएमडीचे बी४५०, बी५५० चिपसेटचे बोर्ड देतात. इंटेलच्या बी मालिकेत रॅम ओव्हरक्लॉक करायची सोय बी५६०पासून आली. एच५१० आणि एच६१०वर ती नाही, तिथे थांबलेलं बरं.

आता कुठवर जायचं ते कागदावर लिहा. एएमडीच्या रायझन ५००० प्रोसेसरवर ३६०० हा शहाणपणाचा आकडा आहे, कारण प्रोसेसरच्या आतला फॅब्रिक, म्हणजे त्याचे भाग एकमेकांना जोडणारा मार्ग, १८००वर चालून रॅमशी एकास एक जुळतो. ३८००च्या पुढे ही जुळणी बऱ्याच प्रोसेसरना झेपत नाही, आणि ती तुटली की आकडा वाढूनही लेटन्सी, म्हणजे डेटा मिळायला लागणारा वेळ, बिघडते. नुसत्या आकड्याला भुलू नका हे गणितानेही कळतं: सीएलला (टायमिंगमधला पहिला आकडा, जसा सीएल१६मधला १६) २०००ने गुणून वेगाने भागा. ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८, दोन्हींचं उत्तर १० नॅनोसेकंदच येतं. वाढते ती बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा. डीडीआर४ एक्सएमपीचं व्होल्टेज साधारण १.३५ असतं. रोजच्या वापराच्या पीसीवर मी १.४च्या वर जाणार नाही.

डेटाचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि तो ओव्हरक्लॉक करण्यापूर्वीच. रॅममधला चुकलेला बिट आरडाओरडा करत नाही; तो गुपचूप फाइलमध्ये लिहिला जातो आणि लग्नाचे फोटो महिन्याभराने उघडेनासे होतात. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की दुसरीकडे उतरवून ठेवा, बायोस बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. बायोस अपडेट करणार असाल तर यूपीएसवरच करा. मध्येच लाईट गेली तर बोर्ड दुरुस्तीला न्यावा लागेल.

पेन ड्राइव्हवर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ आजच टाकून ठेवा आणि मूळ वेगावरच एकदा पूर्ण चालवा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात, १६ जीबीला काही तास लागतात. रात्री लावून झोपा. इथेच चूक सापडली तर रॅम वॉरंटीत द्यायची, ओव्हरक्लॉक विसरायचं. विंडोजच्या आत रॅमवर ताण टाकून तिला छळायला टेस्टमेम५ किंवा वाय-क्रंचर उतरवून ठेवा.

मग मोजमाप. रॅमचा वेग मोजणाऱ्या एआयडीए६४च्या ट्रायलमध्ये काही आकडे झाकलेले असतात, पण सेव्हन-झिपमधला बेंचमार्क फुकट आहे आणि लेटन्सीचा फरक चांगला दाखवतो. तुम्ही खरंच खेळता त्या गेमची सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) आणि १ टक्का लो (सगळ्यात संथ १ टक्का चित्रांच्या वेळचा एफपीएस) नोंदवा. प्रत्येक चाचणी तीनदा करून मधला आकडा धरा. मागे ब्राउझरचे टॅब आणि अँटिव्हायरसचं स्कॅन चालू असेल तर ते आकडे कचऱ्यात. रायझन ५६००जीसारख्या प्रोसेसरवर ग्राफिक्स कार्डाविना चालणाऱ्या पीसीवर फरक डोळ्यांना दिसेल. मोठं कार्ड लावून ४केवर खेळणाऱ्यांना बहुधा नाही, आणि मग सगळा खटाटोप हौसेचा.

खोलीचं तापमानही लिहा. तापलेली रॅम लवकर चुकते, आणि गेम खेळताना ग्राफिक्स कार्डाची ऊब तिच्यावरच येते. डिसेंबरात निर्धोक ठरलेलं सेटिंग नागपूरच्या मे महिन्यात पुन्हा तपासायचं, तेही कॅबिनेटची बाजू बंद ठेवून.

शेवटी परतीची वाट. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. क्लिअर सीएमओएसच्या, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ पदावर आणणाऱ्या, दोन पिना बोर्डवर कुठे आहेत ते मॅन्युअलमध्ये शोधा. ही सेटिंग जपणारा सीआर२०३२ सेल ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असेल तर कार्ड काढायला स्क्रूड्रायव्हर हाताशी ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. बदल सेव्ह केल्यावर स्क्रीन काळा राहिला तर लगेच पॉवर बटणाकडे हात नेऊ नका, बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे नव्या वेगाशी तिचं जुळवून घेत असतो. डीडीआर५वर, विशेषतः एएमडीच्या एएम५ बोर्डांवर, त्यात काही मिनिटंही जातात. त्यानंतरही काहीच आलं नाही, तर पीसी बंद करून प्लग काढा आणि मग त्या दोन पिना जोडा.