आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमधल्या या चुका टाळा

रनचा २८वा किलोमीटर. पळणं कधीच सुटलंय, आता चालणंही जड जातंय आणि डोक्यात एकच वाक्य फिरतंय: 'रनिंग कमी पडलं.' पुढच्या वर्षी तो माणूस इमानेइतबारे रनिंग वाढवतो, आठवड्याला ४० चे ६० किलोमीटर करतो, आणि पुन्हा त्याच २८व्या किलोमीटरच्या आसपास चालायला लागतो. हा माणूस मी होतो. सलग दोन वर्षं.

माझं रनिंग कमी पडलंच नव्हतं. मॅरेथॉनची वाट मी सायकलच्या पहिल्या तासातच लावून ठेवली होती, फक्त बिल सहा-सात तासांनी आलं. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर पळणं, तेही बहुतेक शर्यतींत १७ तासांच्या आत, या प्रकारात चूक जिथे होते तिथे ती सहसा दुखतच नाही. म्हणून दुखेल तिथे मलम लावून उपयोग होत नाही. मागे जाऊन बघावं लागतं.

रन बिघडतो तो सायकलवर

टेपर, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करत नेणं, झालेला असतो, पाय ताजे असतात, पाण्यातून धडपणे बाहेर आल्याचा आनंद असतो आणि बाजूने लोक सुसाट चाललेले असतात. अशा वेळी जो वेग 'सहज' वाटतो तो सहज नसतो. त्यात पोहणं आणि टी-वनमधली, म्हणजे पोहण्यातून सायकलवर जातानाच्या बदलातली, धावपळ यामुळे हार्ट रेट आधीच चढलेला असतो.

हिशोब साधा आहे. सायकलवर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे १५ वॉट जास्त जोर लावून सपाटीवर वेग ताशी जेमतेम एक किलोमीटरने वाढतो. ३० ऐवजी ३१ च्या सरासरीने गेलात तर १८० किलोमीटरमध्ये साधारण १२ मिनिटं वाचतील. आता रनमध्ये किलोमीटरमागे एकच मिनिट मंदावलात असं धरा. ४२ मिनिटं गेली. आणि चालायला लागलेला माणूस किलोमीटरमागे एका मिनिटाने मंदावत नाही, तीन-चार मिनिटांनी मंदावतो.

हे होतं कारण स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन मावतं, म्हणजे १६०० ते २००० कॅलरी. जोर जितका जास्त तितकं शरीर चरबी बाजूला ठेवून या छोट्या साठ्यावर हात मारतं. सकाळी सायकलवर उधळलेलं ग्लायकोजेन दुपारी कुठूनही उसनं मिळत नाही.

पायांचा जोर वॉटमध्ये मोजणारा पॉवर मीटर असेल तर फुल डिस्टन्सला हौशी ट्रायथलीटने एफटीपीच्या, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा कमाल जोराच्या, ६५ ते ७५ टक्क्यांत राहावं. सायकलला सात तास लागणार असतील तर खालच्या टोकाला, किंवा त्याच्याही जरा खाली. हाफमध्ये, म्हणजे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरच्या शर्यतीत, ७५ ते ८५ टक्के चालतात. पण नुसती सरासरी बघू नका. सरासरी लबाड असते. चढावर ११० टक्के आणि उतारावर शून्य मिळूनही आकडा सुंदर दिसतो, पाय मात्र त्या ११० चाच हिशोब ठेवतात. चढावर लोक पुढे जातील. जाऊ द्या. त्यांतले बरेच जण रनला भेटतात.

पॉवर मीटर नसला तरी अडत नाही. पहिली ४० मिनिटं पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच श्वास लागला पाहिजे. एकेक शब्द तोडून बोलावा लागत असेल तर गिअर हलका करा.

पोट फिरतं, दोष जेलवर जातो

'ते जेल मला सोसलं नाही' हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय आणि निदान दहादा स्वतः म्हटलंय. बहुतेक वेळा जेल, म्हणजे पाकिटातली ती दाट साखर, बिचारं निर्दोष असतं. जोर जास्त असला की रक्त पायांकडे वळतं, आतड्यांना कमी पडतं आणि पोटात गेलेलं तिथेच डुचमळत राहतं. त्यावर जेलसोबत साध्या पाण्याऐवजी स्पोर्ट्स ड्रिंक घेतलं की साखर इतकी दाट होते की ती सौम्य करायला आतडं शरीरातलंच पाणी ओढून घेतं. पोट फुगतं, मळमळतं, आणि हे सगळं रनला कळतं.

नुसतं ग्लुकोज तासाला साधारण ६० ग्रॅमच शोषलं जातं, कारण त्याची वाट तेवढीच रुंद आहे. फ्रुक्टोजची वाट वेगळी असते, म्हणून दोन्ही असलेलं मिश्रण घेतलं तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. पण आतड्यालाही सराव लागतो. लाँग राईडला दोन केळ्यांवर भागवणारा माणूस शर्यतीच्या दिवशी तासाला ९० ग्रॅम ढकलायला गेला तर पोट बंड करणारच. शर्यतीच्या आठ-दहा आठवडे आधीपासून दर लाँग राईडला शर्यतीचंच खाणं, त्याच वेळापत्रकाने घ्या. घड्याळात दर २० मिनिटांचा अलार्म लावा. भूक लागायची वाट बघितलीत तर उशीर झालेला असतो.

पोट फिरलंच तर वेग कमी करा, रन असेल तर चाला, १०-१५ मिनिटं फक्त पाण्याचे छोटे घोट घ्या, आणि ढेकर येऊन पोट हलकं वाटल्यावर थोडं थोडं गोड सुरू करा. घाबरून आणखी एक जेल कोंबू नका.

आपण दमलेले नाही तर रिकामे झालेले आहोत, हे मुरलेल्यांनाही कधी कधी उमगत नाही. १९९५ साली हवाईच्या आयर्नमनमध्ये, या पल्ल्याच्या सगळ्यांत मानाच्या शर्यतीत, तोवर सात वेळा जिंकलेली पॉला न्यूबी-फ्रेझर आघाडीवर होती. मागून कॅरन स्मायर्स जवळ येत होती, म्हणून पॉला शेवटच्या टप्प्यातली एड स्टेशनं, म्हणजे वाटेतले खाण्यापिण्याचे थांबे, सोडत गेली. फिनिश लाइन काही शे मीटरवर असताना तिचे पाय गेले. ती रस्त्यावर बसली, मग आडवी झाली, आणि बऱ्याच वेळाने उठून चालत चौथी आली. एड स्टेशनवर तिचे किती सेकंद गेले असते?

पाणी: कमी पिणं वाईट, जास्त पिणं त्याहून वाईट

'भरपूर पाणी पी' हा सल्ला सगळेच देतात. पण घामातून मीठ जात असताना तासन्‌तास साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली जातं. याला हायपोनेट्रेमिया म्हणतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. घोटाळा असा की डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं डिहायड्रेशनसारखीच वाटतात, आणि माणूस आणखी पाणी पितो. बोटं सुजली, घड्याळाचा पट्टा किंवा अंगठी घट्ट झाली, पोटात पाणी डुचमळतंय आणि डोकं ठणकतंय, तर पिणं थांबवा आणि मेडिकल टेंटमध्ये जा. शर्यतीत आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. त्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि हाच धोका वाढवतात. खिशात 'असू दे' म्हणून ठेवलेली गोळी ३०व्या किलोमीटरला हमखास तोंडात जाते, तेव्हा ती घरीच राहू द्या.

आपल्याला किती लागतं हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. एक तास शर्यतीच्या जोराने सायकल चालवा, आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. वजन ८०० ग्रॅमने उतरलं आणि मधे अर्धा लिटर प्यायला असाल तर घाम गेला १.३ लिटर. उन्हात आणि गारव्यात हा प्रयोग वेगवेगळा करा. सगळा घाम भरून काढायचा नसतो, थोडं वजन उतरलेलं चालतं. शर्यतीनंतर वजन वाढलेलं दिसलं तर मात्र काहीतरी चुकलंय.

पोहताना दम लागतो तो फिटनेसचा नसतो

पूलमध्ये दोन-दोन तास पोहणारे लोक ओपन वॉटरमध्ये पहिल्या २०० मीटरला घाबरेघुबरे होतात. खाली तळ दिसत नाही, कुणाचा तरी पाय तोंडावर बसतो, वेटसूट, म्हणजे पोहायचा तंग रबरी पोशाख, छाती आवळतो. त्यात वेटसूट कालच आणलेला असतो. तो घालून निदान चार-पाच वेळा खुल्या पाण्यात उतरा, आणि गर्दीची भीती वाटत असेल तर कडेला, मागच्या रांगेत उभे राहा. फार तर एक मिनिट जाईल. श्वास सुटलाच तर पाठीवर वळा, तरंगा, हात वर करा. मदतीची छोटी होडी, कयाक, धरून थांबायची सहसा मुभा असते, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. थांबूनही दम कमी होत नाही, खोकला येतोय, थुंकीत फेस किंवा लालसर छटा आहे, छातीत दुखतंय, असं असेल तर ती भीती नव्हे. फुप्फुसांत पाणी साचत असू शकतं. तिथेच थांबून मदत मागा.

बाकी, दर आठ-दहा हातांनी डोकं उचलून वाट दाखवणाऱ्या तरंगत्या बोया बघा. समोरचा सरळ चाललाय यावर विश्वास ठेवू नका, तोही तुमच्याच भरवशावर असतो. ३.८ चे ४.२ किलोमीटर असेच होतात.

सराव: सगळंच मध्यम

नोकरी, घर आणि तीन खेळ यांत वेळ कमी, म्हणून प्रत्येक सेशन 'कामी यावं' असं वाटतं. मग सोपी राईड थोडी जोरात होते आणि इंटरव्हलच्या, म्हणजे जोरदार तुकड्यांच्या, दिवशी पायांत जोर उरलेला नसतो. वर्षभर माणूस अधल्यामधल्या वेगात अडकतो. हवाईत सहा वेळा विजेता ठरलेल्या मार्क ॲलनने पाया घडवताना हार्ट रेट १५५ च्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा सुरुवातीला त्याचा वेग लाजिरवाणा खाली आला. तरी त्याने ते सोडलं नाही. हा १५५ त्याचा आकडा, तुमचा नव्हे. पण सोप्या दिवशी खरंच सोपं पळायचं ही गोष्ट घेण्यासारखी आहे, आणि मित्रांच्या ग्रुप राईडमध्ये ती पाळणं महाकठीण.

बुडालेलं सेशन दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नका. दर रविवारी पाच तासांच्या राईडवर दोन तासांचा रन, असल्या ब्रिकचीही (सायकलला जोडून पळण्याची) गरज नाही. बहुतेक वेळा सायकलनंतर २०-३० मिनिटं पळणं पुरतं. टेपरमध्ये गुडघा, पोटरी, घसा, सगळं दुखायला लागतं. त्याकडे दुर्लक्ष करायला मला तीन शर्यती लागल्या.

सायकलची कुरकुर

विमानाने नेलेल्या सायकलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा, वाकलेला असू शकतो. मोठ्या चढावर सगळ्यांत हलका गिअर टाकल्यावर चेन थेट स्पोकमध्ये जाते तेव्हाच ते कळतं. जोडल्यावर सगळे गिअर एकदा चालवून बघा, सीटपोस्टचा बोल्ट तपासा, इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग असेल तर बॅटरी चार्ज करा. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे खेळ बदलायच्या जागेत, सायकल आदल्या दुपारपासून उन्हात उभी राहणार असेल तर टायरमधली हवा जरा कमी ठेवा आणि सकाळी भरा.

पंक्चर काढता येतं म्हणजे सीओटू कॅनिस्टर, टायर झटपट भरायचा गॅसचा छोटा डबा, वापरता येतोच असं नाही. २००८ साली हवाईच्या त्याच शर्यतीत व्यावसायिक ट्रायथलीट क्रिसी वेलिंग्टनची ट्यूब गेली आणि तिने जवळचा गॅस वाया घालवला. ती रस्त्याकडेला ताटकळत उभी होती, तेवढ्यात जाता जाता रिबेका कीट या प्रतिस्पर्ध्याने तिला कॅनिस्टर दिला. क्रिसी नंतर ती शर्यत जिंकली. आपल्याला असा कुणी भेटेलच असं नाही. घरी दोन कॅनिस्टर मुद्दाम फुकट घालवून सराव करा.

हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि सायकल रॅकवर ठेवल्याशिवाय तो काढायचा नाही. ड्राफ्टिंग, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने जाणं, टाळायला ठेवायचं अंतर आणि ओव्हरटेकला मिळणारे सेकंद शर्यतीगणिक बदलू शकतात, म्हणून ॲथलीट गाइड आदल्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी वाचा.

कट-ऑफ

कट-ऑफ, म्हणजे ठरलेली वेळमर्यादा, हुकणाऱ्यांचा वेळ पेडल मारताना कमी, उभं राहून जास्त जातो. टी-वनमध्ये १८ मिनिटं, सायकलवर आठ थांबे प्रत्येकी चार मिनिटांचे: झाली ५० मिनिटं, एकही किलोमीटर न कापता. रनमध्ये मात्र उलटं करा. पहिल्याच एड स्टेशनपासून ३०-४० सेकंद ठरवून चाला, त्या वेळात नीट प्या, खा. पाय चांगले असताना चालायला लाज वाटते, तरीही चाला.

शर्यतीनंतर घड्याळाची फाइल उघडाल तेव्हा ती शेवटाकडून वाचा. वेग कुठे पडला ते बघा. त्याच्या आधीच्या दोन तासांत काय आणि किती खाल्लं ते आठवा. मग सायकलच्या शेवटच्या ४० किलोमीटरची पॉवर पहिल्या ४० शी ताडून बघा, आणि मग चढ एकेक करून तपासा. माझ्या त्या दुसऱ्या वर्षीच्या फाइलमध्ये १४व्या किलोमीटरला एक बारकासा चढ आहे. तिथे मी चार मिनिटं २६० वॉटने चढलोय. माझा एफटीपी तेव्हा २२० होता.